शून्याची नळी

१

प्रयोगशाळेने सोमवारी कागद दिला, की या ड्रायव्हरच्या रक्तात दारूचा मागमूस नाही. आणि शुक्रवारी सकाळी साडेनऊला त्याच ड्रायव्हरने बस फुटपाथवर चढवून खांबाला ठोकली. त्याच्या कंडक्टरला पुढच्या पायरीवर उभं राहून स्टॉपची नावं ओरडायची सवय होती. तो खांब आणि बस यांच्यामध्ये सापडला आणि जागच्या जागी गेला. सव्वीस वर्षांचा होता. ड्रायव्हरचा नुसता पाय मोडला. दवाखान्यात त्याच्या तोंडाला एवढा भपकारा होता, की नर्सने आधी खिडकी उघडली आणि मग पायाकडे बघितलं.

मंगळवारी प्रयोगशाळांची तपासणी करणाऱ्या बाई आल्या. बावन्न वर्षांच्या, चष्मा कपाळावर, बोलणं तिरकस. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत आणि त्या दारात दिसल्या, की लोकांना आपली जुनी पापं आठवत. या इमारतीचं आणि त्यांचं मात्र वेगळं नातं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्याही मनगटाला इथलीच पट्टी बांधलेली होती. ते त्यांनी आपल्या साहेबांना सांगून टाकलं होतं. साहेब म्हणाले, "मग तर तुम्हीच जा. तुम्हाला कुणी गुंडाळणार नाही."

प्रयोगशाळेचं काम थोडक्यात असं. एकदा पिताना सापडलेल्या ड्रायव्हरला पुन्हा बस हवी असेल, तर दोन अटी. मनगटावर चोवीस तास एक पट्टी, जी अर्ध्या अर्ध्या तासाने घामातली दारू हुंगते. आणि महिन्यातून एकदा रक्त, कारण रक्तात दारूची एक खूण तीन-चार आठवडे टिकते. पट्टी आजचं सांगते, रक्त महिनाभराचं लक्षात ठेवतं. दोन्ही साफ असतील, तर बसची किल्ली.

"प्रकरण सरळ आहे, बाई," प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर म्हणाले. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर बस डेपोने दिलेलं मानपत्र टांगलं होतं: सलग दोन महिने एकही ड्रायव्हर दोषी नाही. "नळी बदलली गेली. कुणा दुसऱ्याचं रक्त ड्रायव्हरच्या नावाने मशीनला लागलं. आणि रक्त काढणं, नळीवर चिठ्ठी चिकटवणं हे काम इथे एकच मुलगी करते."

"तीच पट्ट्याही सांभाळते?"

"तीच. आणि हे बघा." डॉक्टरांनी एक छापील चिठ्ठी पुढे सरकवली. 'पट्टी सदोष', खाली मुलीची सही. "पट्टी दारू दाखवत होती, तर हिने पट्टीच बिघडली म्हणून लिहून दिलं. नळी बदलायची आणि पट्टीचं तोंडही बंद करायचं. हात ओले झाल्याशिवाय कोण करतं असं? शुक्रवारी बारा वाजता मी पोलिसांत तक्रार देणार आहे."

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. सही खरी होती.

२

मुलगी चोवीस-पंचवीसची. डेपोतले लोक तिला 'पट्टी' म्हणत, आणि आता तर तीही फोनवर तेच नाव सांगत असे. पट्ट्यांच्या खोलीत ती एका खोक्यात आपला डबा, छत्री आणि कपाटाच्या किल्ल्या भरून तयारच बसली होती.

"सही तुझी?"

"हो."

"पट्टी बिघडली होती?"

"नाही मॅडम."

"मग?"

"डॉक्टर म्हणाले लिही. रक्त साफ आलंय, म्हणजे पट्टीच खोटी. म्हणाले, रक्तापुढे घामाला कोण विचारतं!" तिने ओठ दाबले. "माझ्या पगारावर घरात चार माणसं जेवतात. लिहिलं."

मग तिने संगणकावर दोन आलेख उघडले. पहिल्यात रेघ एकदम टोकासारखी वर गेली होती आणि तितक्याच झटक्यात खाली. "हे स्पिरिट. पट्टीवर हात धुवायचं द्रावण सांडलं की असं दिसतं. बाहेरून आलं, उडून गेलं." दुसऱ्यात रेघ टेकडीसारखी हळू चढत, माथ्यावर रेंगाळत, सात-आठ तासांनी उतरली होती. "हे पोटातून आलेलं. माणूस पितो, मग रक्तात जातं, मग कातडीतून बाहेर. त्याला वेळ लागतो. हे ड्रायव्हरचं. महिन्यात अशा बावीस टेकड्या आहेत."

हातच्या कंकणाला आरसा कशाला, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्या आरशावर हिनेच सही करून फडकं टाकलं होतं.

"अशा चिठ्ठ्या आणखी किती लिहिल्यास?"

मुलीने खण उघडला आणि एक जाड गठ्ठा टेबलावर ठेवला.

"आधी वर्षाला दोन पट्ट्या बिघडायच्या, मॅडम. गेल्या दोन महिन्यांत एकोणीस."

३

एकोणीस माणसांच्या नळ्या एकटीने बदलायच्या, म्हणजे एकोणीस न पिणाऱ्यांचं रक्त कुठून तरी आणायचं. अशा पोरीने डबा, छत्री भरत बसायचं कारण नाही. तिने आतापर्यंत बंगला बांधला असता. बाईंना डॉक्टरांचं गणित पटेना. पण पटत नाही हा काही पुरावा नव्हे.

"त्या सोमवारची ड्रायव्हरची नळी आहे अजून?" त्यांनी मशीनवाल्याला विचारलं.

मशीनवाला हा चाळिशीचा, मशीनला रोज सकाळी नमस्कार करणारा आणि माणसांशी जेमतेम बोलणारा. त्याने शीतपेटीतून नळी काढून दिली. बाईंनी त्यातलं अर्धं रक्त दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे रवाना केलं, नाव न लिहिता, नुसत्या क्रमांकावर. उत्तर शुक्रवारी सकाळी येणार होतं.

"तुमचा आकडा किती आला होता?"

"पंधरा. वीसच्या खाली म्हणजे साफ."

"तुम्ही आकडा बदलू शकता?"

त्याचा चेहरा कुणी आईवरून शिवी द्यावी तसा झाला. "मी मशीनला हात लावतो ते पुसायला. सकाळी आधी आप्पा लावायचा, मग बाकीचे ओळीने. मशीन सांगेल ते छापायचं. बस्स."

"आप्पा लावायचा?"

"म्हणजे आप्पांचं रक्त." तो पहिल्यांदाच हसला. "दारू नसलेलं रक्त कसं दिसतं ते मशीनला आधी दाखवावं लागतं ना. ते शून्य. मग बाकीच्यांचं त्यावरून मोजायचं. आप्पांनी जन्मात थेंब घेतला नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते नळीभर रक्त देतात, ते महिनाभर पुरतं. वीस वर्षं इथलं शून्य म्हणजे आप्पाच."

बाईही हसल्या. आप्पांना त्या ओळखत होत्या. या इमारतीत त्या कुणाला ओळखत असतील, तर ते आप्पांनाच.

"आणि मशीन नीट चाललंय हे कशावरून ठरवता?"

"पूर्वी बाहेरून एक सीलबंद नळी यायची, आकडा आधीच ठरलेला. ती लावून बघायचो. गेल्या वर्षी डॉक्टरांनी ती बंद केली. म्हणाले, घरचा आप्पा असताना बाहेरची साक्ष कशाला?"

दारात पावलं वाजली. ट्रे घेऊन आप्पाच उभे होते.

४

आप्पा या प्रयोगशाळेचे सगळ्यात जुने नोकर. झाडण्यापासून रक्त काढताना दंडाला पट्टा आवळण्यापर्यंत सगळं करत. अकरा वर्षांपूर्वी बाईंचा हात थरथरत होता, तेव्हा तो धरून हेच म्हणाले होते, "पट्टी खोटं बोलत नाही, पोरी. खोटं आपण बोलतो. आणि लाज पिण्याची नसते, लपवण्याची असते." बाई त्या वाक्यावर अकरा वर्षं जगल्या होत्या. कुणी दवाखान्यांना श्रेय देतं, कुणी देवाला. त्या आप्पांना देत.

"बिनसाखरेचा," चहा पुढे करत आप्पा म्हणाले. "लक्षात आहे माझ्या."

"आप्पा, काकू गेल्याचं मला उशिरा कळलं. यायला हवं होतं."

"तीन महिने झाले त्याला. कामाच्या माणसाने कुठे कुठे जायचं!" ते कप सारखे करत राहिले. त्यांच्या डाव्या मनगटावर पट्टीएवढी जागा बाकीच्या हातापेक्षा उजळ होती. इथला रिवाज असा, की नोकरांनीही पट्टी बांधायची, म्हणजे येणाऱ्याला ओशाळं वाटत नाही. मशीनवाल्याच्या हाताला होती, मुलीच्या होती, डॉक्टरांच्या होती.

"पट्टी कुठाय तुमची?"

"पुरळ आलं गं. म्हातारी कातडी." मग आवाज खाली करून म्हणाले, "त्या पोरीला वाचव. तिने काही केलेलं नाही."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"माणसं ओळखता येतात," आप्पा म्हणाले आणि ट्रे घेऊन निघून गेले.

दुपारी बाई दवाखान्यात गेल्या. ड्रायव्हर पाय टांगून पडला होता, दाढी वाढलेली. तो भिंतीकडेच बघत बोलला.

"किती दिले?" बाईंनी सरळ विचारलं. "कागद साफ करून घ्यायला?"

"मागितले असते तर दिलेही असते, बाई. कुणी मागितलेच नाहीत."

"मग कागद साफ कसा आला?"

"तेच तर. मी जवळजवळ रोज घेत होतो. रक्त द्यायला गेलो तेव्हा वाटलं, आता गेली नोकरी. तर कागद साफ! आपली पट्टी बोंबलत होती, पण तिलाच खोटं ठरवलं. मग मलाच वाटायला लागलं, आपल्या अंगाला लागतच नाही. चढली असती तर रक्तात दिसली असती ना?" तो बाईंकडे वळला. "कंडक्टर त्या दिवशी म्हणाला होता, आज गाडी काढू नका, दादा, तुमचे डोळे बघा. मी त्याला खिशातला कागद काढून दाखवला. म्हटलं, तू मोठा की हा कागद?"

५

शुक्रवारी सकाळी दहाला उत्तर आलं. बाईंनी ते उघडून वाचलं.

दोनशे चाळीस.

नळी तीच, रक्त तेच. इथे पंधरा, तिथे दोनशे चाळीस. म्हणजे नळी कुणी बदललीच नव्हती. मुलगी सुटली. पण मग चोर कोण? हातात आकडा असलेला माणूस एकच होता. बाई मशीनवाल्याच्या खोलीत शिरल्या आणि दार लावून घेतलं.

"कागदावर छापायच्या आधी मशीन जे लिहितं, ते दाखवा. कच्चे आकडे. तीन महिन्यांचे."

त्याने ते उघडले. बाईंनी मुलीला हाक मारली. "ज्यांची पट्टी महिनाभर सपाट आहे, एकही टेकडी नाही, असे किती?"

"चौघं, मॅडम. त्यांनी खरंच सोडलीय."

"त्यांचे क्रमांक सांग."

छापील कागदावर चौघांपुढेही शून्य होतं. कच्च्या यादीत नव्हतं. पहिल्यापुढे उणे दोनशे पंचवीस. दुसऱ्यापुढे उणे दोनशे चोवीस. तिसऱ्यापुढे पुन्हा उणे दोनशे पंचवीस. चौथ्यापुढे उणे दोनशे सव्वीस.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"उणे आलं की छापताना मशीन आपोआप शून्य करतं," मशीनवाला चाचरत म्हणाला. "मला वाटलं, फारच साफ रक्त आहे."

"शून्याहून कमी दारू माणूस कशी पिणार हो? आधी प्यायलेली परत बाटलीत ओततो की काय?"

बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. दोनशे चाळीसमधून पंधरा गेले, की दोनशे पंचवीस उरतात. न पिणारे चौघं शून्याच्या खाली तेवढेच. म्हणजे प्रत्येकाच्या आकड्यातून कुणीतरी दोनशे पंचवीस काढून घेत होतं, पिणाऱ्याचे आणि न पिणाऱ्याचे सारखेच. लाच खाणारा माणूस एवढा समदर्शी नसतो.

"त्याच्या आदल्या महिन्यात?"

"उणे एकशे चाळीस," मुलीने वाचलं. "सगळे तेवढ्याच आसपास. त्याच्या आधी शून्य. खरंखुरं शून्य."

तीन महिन्यांपूर्वी शून्य. मग एकशे चाळीस. मग दोनशे पंचवीस. बाईंच्या लेखी ते आकडे राहिले नाहीत. तीन महिने दिसले. रिकामं घर दिसलं आणि मनगटावरची उजळ जागा दिसली. काखेत कळसा आणि त्यांनी सगळ्या गावाला वळसा घातला होता.

"मॅडम, काय झालं?" मुलगी घाबरून म्हणाली.

"आप्पांना बोलाव," बाई म्हणाल्या. "आणि डॉक्टरांनाही."

६

बाराला पंधरा मिनिटं कमी होती. डॉक्टरांच्या हातात तक्रारीचा लिफाफा होता.

"तो फाडा," बाई म्हणाल्या. "नळी बदललेली नाही. मशीनही ठीक आहे. तुम्ही मशीनला जे शून्य म्हणून शिकवलंत, ते शून्य नव्हतं. त्या रक्तात दोनशे पंचवीस होते. तेवढी दारू मशीनने 'काही नाही' म्हणून धरली आणि प्रत्येकाला माफ केली. बाहेरची एक सीलबंद नळी लावली असती, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

डॉक्टरांनी हळूहळू मान वळवली. मशीनवाल्याने तर डोळेच मिटले. आप्पा दाराला टेकून उभे होते. ते कुणाकडेही न बघता म्हणाले, "खरं आहे."

बाईंना वाटत होतं, त्यांनी नाही म्हणावं. भांडावं, रागवावं, आपलं गणित चुकलंय म्हणून सिद्ध करावं. त्यांनी यातलं काही केलं नाही.

"ती गेल्यावर घर खायला उठायचं," आप्पा म्हणाले. "पहिल्यांदा झोपेसाठी घेतली. मग उठण्यासाठी. पहिला सोमवार आला, या मशीनवाल्यानं रक्त मागितलं. नाही म्हटलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं. वीस वर्षं ज्याच्याकडे बोट दाखवून लोकांना सोडायला लावलं, त्यानं कुठल्या तोंडानं सांगायचं?"

"पण तुमच्या रक्तावर सगळं मोजतात, हे ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

"नाही," ते म्हणाले. "मला वाटायचं, तो शकुन आहे. दिवसाची सुरुवात चांगल्या रक्तानं करायची. इथली एक रीत. माझं रक्त कशाला लागतं, हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मान मिळत होता ना."

मशीनवाला तोंड फिरवून उभा राहिला. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. पण कुंपणाला कधी कुणी सांगितलंच नव्हतं, की तू कुंपण आहेस.

सगळ्यात आधी सावरले डॉक्टर. असली माणसं सावरतातच. "बाई, अहवालात 'तांत्रिक बिघाड' असं लिहिलं तर? म्हाताऱ्याची अब्रूही राहील. आणि शून्याचं म्हणाल, तर तुम्ही अकरा वर्षं घेतलेली नाही. नव्या शून्यासाठी तुम्हीच नळीभर रक्त द्या. तुमच्यावर कोण संशय घेणार?"

"आप्पांवर कुणी घेतला होता?" बाई म्हणाल्या. "शून्य बाहेरून मागवा, सीलबंद. माणसाच्या शब्दावर शून्य धरायचं नाही, माझ्यासुद्धा. आणि बिघाड तांत्रिक नाही. सीलबंद नळी तुम्ही बंद केलीत, एकोणीस पट्ट्या तुम्ही खोट्या पाडल्यात. ते सगळं लिहीन."

"माझं नाव लिहिशील?" आप्पांनी विचारलं.

याच माणसाने त्यांचा हात धरला नसता, तर आज लिहायला त्यांचा हात उरला नसता.

"लिहीन, आप्पा."

"लिही," ते म्हणाले. मग त्यांनी बाही वर सारून डावं मनगट मुलीपुढे धरलं. "बांध."

मुलीने बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. पट्टी बांधताना मुलीला बंद घट्ट ओढवेना, म्हणून आप्पांनीच दुसऱ्या हाताने तो ओढून दिला. तासाभरात संगणकावर रेघ दिसू लागली. टोक नव्हतं. सकाळच्या घोटाची टेकडी होती, माथ्यावर रेंगाळणारी. मनगटावर पुरळाचं कुठे चिन्ह नव्हतं.

डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. जुन्या सवयीने त्यांचा हात चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे गेला. "एकदा पट्टी तपासून घे. कदाचित ही..."

"पट्टी बरोबर आहे, डॉक्टर," मुलगी म्हणाली.

तिने चिठ्ठी ओढून घेतली, 'सदोष' हा छापील शब्द खोडला, वर हाताने 'बरोबर' लिहिलं आणि खाली सही केली. मग ती बराच वेळ त्या सहीकडे बघत बसली.

"मॅडम," तिने हळू आवाजात विचारलं, "त्या सोमवारी मी एवढंच लिहिलं असतं, तर तो कंडक्टर..."

बाई अहवाल लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "हो," त्या म्हणाल्या, आणि पुढची ओळ लिहायला घेतली.